पायाळूचा पाय

नातू परदेशी शिकायला निघालाय, म्हणून कराडला त्याला मेंदूज्वराची लस टोचली. डॉक्टर म्हणाले, "हा क्वचित होतो आजी, पण ताप चढून मान ताठ झाली की वेळ देत नाही." स्पिरिटच्या वासात मी गारठले.

एकाहत्तरच्या लढाईनंतर मिलिट्रीत गेलेला धाकटा दीर सुट्टीवर आला, तो तापानं फणफणलेलाच. मान हलेना. "उसण भरलीया. तू पायाळू, पायाकडनं जलमलेली. तुजा पाय लागला की उतरंल. पाय लाव," सासूबाई म्हणाल्या. मी नवी नवरी. त्याच्या तापल्या मानेला टाच टेकवली. "वैनी, लय दुखतंय वो," तो कण्हला. उजाडायच्या आत गेला. सासूबाई मरेपर्यंत मला पांढऱ्या पायाची म्हणाल्या.

एवढ्याशा सुईनं टळतं म्हणे.

दंडावरचा कापूस टाकून नातू पाया पडायला वाकला. मी पाय मागं घेतले.