पाणीशेठ

कोळशावर आपणच पाणी मारायला लावायचे आणि मग पाण्याची तूट वजनातून कापायची, असा व्यापारी मी आयुष्यात एकच पाहिला. महाडच्या बंदरावर त्यांची कोळशाची वखार होती. सगळे त्यांना पाणीशेठ म्हणत.

मी आंबेनळीकडच्या वाडीतला. रानात भट्ट्या लावायच्या, कोळसा बैलगाडीने महाडला आणायचा, वखारीत चाळून पोती भरायची. चाळण हातात घेण्याआधी शेठ ढिगावर घागरी ओतायला लावत. भुकटी उडता कामा नये. मग काट्यावर ओलाव्याची तूट धरत, तीही सढळ हाताने.

"शेट, पानी तुमी वतायला लावनार नि तूट माजी? ह्यो कुठला न्याय?"

"पोत्यात जातो तो कोळसा माझा," ते म्हणत. मध्ये थांबत. "छातीत जातो तो तुझा. तो मी विकत घेत नाही."

हे थांबणे म्हणजे त्यांचा सौद्यातला डाव, असे आम्ही सगळे गाडीवाले समजत होतो. मीही नंतर तसाच थांबून भाव पाडायला शिकलो.

एकदा माझे डोके फिरले. घागर लाथाडली आणि गाडीभर कोळसा कोरडाच चाळला. वखारीत हातभर अंतरावरचे दिसेना. शेठ बाहेर ओट्यावर धोतराचा सोगा नाकाला धरून बसले होते. मी खोकत बाहेर आलो, तसा त्यांनी आपला धुतलेला पंचा पुढे केला.

"शिंकर."

पंचा काजळासारखा झाला. थुंकलो, तेही काळे.

"हेही तोलू काय?" शेठ म्हणाले.

त्या दिवसापासून मी पाणी मारू लागलो. भांडण मात्र सोडले नाही.

पुढे शेठना वखारीच्या दोन पायऱ्या चढवेनात. तरुणपणी याच वखारीत त्यांनी वर्षानुवर्षे कोरडा कोळसा चाळला होता. आम्ही ज्याला डाव म्हणत होतो, ती धाप होती.

शेवटचा भेटायला गेलो, तेव्हा ते उशीवर ओणवे बसले होते.

"अजून... तूट मागतोस?"

"मागतो. सोडली नाय मी."

"घेऊन जा... छाती इथे ठेव."

हसले, आणि हसू खोकल्यात गेले.

ती तूट मला अजून सलते. आता वखार माझी आहे. मीही पाणी मारायला लावतो आणि तूट कापतो. गाडीवाले दारापासून पार रस्त्यापर्यंत शिव्या देत जातात. मी कान देऊन ऐकतो. एका दमात देतात.