नळीला हात कुणाचा ते ठाऊक नसतं

गायकवाड मॅडम काचेची नळी इतकी हळू हलवायच्या, की निजलेलं लेकरूही जागं झालं नसतं. कुणी झटकली, की म्हणायच्या, "अगं, गुठळी मोडंल ना." पिशोर गावच्या मॅडम डॉक्टर झाल्या, आमच्या रक्तपेढीच्या प्रमुख झाल्या, पण बोली काही त्यांनी शहरी केली नाही. फोनवर मोठ्या साहेबांनाही "व्हय" म्हणायच्या, आणि मला ते फार आवडायचं.

रक्तगट जुळला म्हणजे काम झालं, असं लोक समजतात. कुठलं काय! आधी रक्त चढलेल्या माणसाच्या अंगात परक्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार झालेली असू शकते. ती तपासणीत निसटली, तर दिलेलं रक्त अंगातच फुटतं.

सुनीता नावाची बाळंतीण आली, तेव्हा तिच्या अंगात रक्त असं उरलंच नव्हतं. आधीच्या बाळंतपणातही चढवलेलं. नवरा दारात उभा, वॉर्डातून फोनवर फोन. पिशवीतल्या पेशी सुनीताच्या रक्ताच्या नमुन्यात मिसळून मॅडमनी स्वतः चाचणी केली. गुठळी नाही, म्हणजे अँटिबॉडी नाही. मी रक्ताची पिशवी उचलली.

"ठेव खाली."

गुठळी न दिसलेल्या प्रत्येक नळीत त्या मुद्दाम अँटिबॉडी चिकटवलेल्या पेशी टाकायच्या. त्यांची गुठळी व्हायलाच हवी. नाही झाली, तर चाचणीच फसली. त्या दिवशी झाली नाही.

वॉर्डातले डॉक्टर खाली आले. "मॅडम, चाचणी तुमच्या हातची आहे. आम्हाला भरवसा आहे, द्या पिशवी."

"माझ्या हातची हाय म्हणून काय झालं? नळीला कुठं ठाऊक, हात कुणाचा ते. पेशी धुण्यात माझीच कसर राहिली, रक्तातलं पाणी मागं उरलं की गुठळी धरत नाय. परत धुते."

नवऱ्यादेखत बोलल्या. अशा बाईच्या हाताखाली आपण काम करतो, याचा मला त्या क्षणी केवढा अभिमान वाटला!

दुसऱ्यांदा बारीक गुठळी दिसली. अँटि-ई, म्हणजे पेशींवरच्या 'ई' घटकाविरुद्धची अँटिबॉडी. मी उचललेली पिशवी तिला चाललीच नसती. दुसरी शोधली, जुळली, आणि सुनीता वाचली. घरी जाताना मॅडमनी तिच्याकडून 'अँटि-ई' हे नाव शाळेतल्या पाढ्यासारखं घोकून घेतलं.

मॅडम गेल्या, त्याला आता वर्ष होईल. परवा चिकलठाण्याच्या एका दवाखान्यातून फोन आला. "अपघाताची पेशंट आहे, सुनीता. धड शुद्धीत नाही, पण रक्ताचं नाव काढलं की म्हणते, 'मला अँटि-ई हाय, गायकवाड मॅडमनं सांगितलंय.' कोण या मॅडम?"

"आमच्या मॅडम," मी म्हणाले. "ती सांगते ते खरं आहे. पण नमुना पाठवा. मॅडमचा शब्द असला, तरी मी तपासूनच देणार. त्यांनीच तसं शिकवलंय."