खालच्या पायरीवरचा फोटो

निलंग्याच्या बसस्टँडसमोर मृत्युंजयचा फोटो स्टुडिओ आहे. गेल्या तीस वर्षांत तालुक्यातल्या निम्म्या हनुवट्या या माणसानं दोन बोटांनी खाली-वर केल्या असतील. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात कॅमेरा आणि नाकावर कायमचा थोडा राग. लातूरच्या एका स्टुडिओत चार वर्षं अंधाऱ्या खोलीत फोटो धुऊन ही विद्या मिळवली, हे तो पासपोर्ट फोटोला आलेल्या गिऱ्हाइकालाही ऐकवतो. सगळे त्याला अप्पा म्हणतात.

ऑगस्टात जागतिक छायाचित्रण दिन येतो. त्या दिवशी तालुक्यातले सोळा फोटोग्राफर दुकानं बंद ठेवून, कॅमेरे घेऊन एक दिवस बाहेर पडतात. कुठं जायचं ते अप्पानं ठरवायचं, असा शिरस्ता. त्यानं खरोसा म्हटलं की खरोसा, कंधारचा किल्ला म्हटलं की कंधार. घरात भाजीसुद्धा त्याला विचारून होत नाही, त्यामुळं या मानाला तो फार जपायचा.

यंदा घोळ झाला तो बायकोमुळं. शिवकांता चार दिवस माहेरी, देगलूरजवळच्या गावी जाऊन आली आणि चहा देता देता काच तडकलेला मोबाईल पुढं करून म्हणाली, "बघा की, तळ्यावर काढलाय."

फोटोत एक म्हैस पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेली होती, आणि तिच्या दोन शिंगांच्या बरोब्बर मधोमध पलीकडच्या काठावरचं महादेवाचं देऊळ उभं होतं, कळसासकट.

"बरा हाय," मृत्युंजय म्हणाला. "जरा तिरका आलाय."

तिरका अजिबात नव्हता. ते कळत होतं म्हणूनच चहा कडू लागला. आपण तीस वर्षं दिवे, छत्र्या, पडदे घेऊन झटलो आणि हिनं माहेरी हुंदडता हुंदडता हा फोटो काढावा! शेजारच्या स्टुडिओवाल्याचा मत्सर असला तर माणूस चारचौघांत त्याला नावं तरी ठेवतो. बायकोचा मत्सर म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

ती भाकरी करायला बसली तेव्हा त्यानं तो फोटो स्वतःला पाठवून घेतला. दुपारी स्टुडिओत सात वेळा पाहिला आणि फोटोग्राफरांच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, 'यंदा इथं जायचं का?' फोटो कुणाचा ते लिहिलं नाही. पाच मिनिटांत कौतुकाचा पाऊस. ड्रोनवाल्या वीरेशनं लिहिलं, 'अप्पा, काय नजर हाय राव तुमची!' मृत्युंजयनं जोडलेले दोन हात पाठवले. एक अक्षर खोटं लिहिलं नाही आणि चोरी पुरी झाली.

पण वीरेशचा पुढचा निरोप आला, 'तितं गेल्यावर कुठं हुबं ऱ्हायचं ते दाखवा बरं आमाला.' आता आली का पंचाईत! बायकोला विचारावं तर सगळं उघडं पडणार.

तिसऱ्या दिवशी तो "लातूरला फ्रेमा आणायला जातो" म्हणून घरातून निघाला आणि देगलूरच्या एसटीत बसला. स्वतःच्या सासुरवाडीत जावई तोंडाला रुमाल बांधून शिरला. तळ्याच्या घाटावर तो चार ठिकाणी उभा राहिला. म्हशी होत्या, देऊळ होतं, पण शिंगं पाण्यातच दिसत होती आणि देऊळ त्यांच्या कितीतरी वर. एक आशा तेवढी त्यानं धरली होती, की हिचा फोटो नशिबानं आला असेल, चुकून बटण दाबलं गेलं असेल.

धुणं धुणारी केवळाबाई बराच वेळ बघत होती. "अगं बाई, शिवकांताचे मालक न्हाई का तुमी? हुबं ऱ्हाऊन काय दिसतंय? ती त्या खालच्या पायरीवर बसती, पाण्यात पाय सोडून. ल्हानपणापसून तितंच. परवा तर म्हशीनं मान वळवायची वाट बघत दोन तास बसून ऱ्हायली हुती."

दोन तास! नशीब नव्हतंच मग. कुरकुरणारे गुडघे मोडून तो त्या पायरीवर बसला, आणि शिंगं हळूच वर आली, त्यांच्यामध्ये देऊळ जाऊन बसलं. मृत्युंजयला रडू यायचं बाकी राहिलं.

घरी आला तेव्हा शिवकांता तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "फ्रेमा घावल्या का? दादाचा फोन आल्ता. जावई घाटावर येऊन चहा न घेताच गेले म्हणं."

त्यानं गळ्यातला रुमाल काढून खिशात कोंबला.

"तुमच्या ग्रुपवरचं समदं वाचलंय मी. तुमचा मोबाईल मीच चार्जिंगला लावते न्हवं? दादाला सांगून ठेवलंय, त्या दिवशी दोनच्या आत म्हशी पाण्यात घालायला."

ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. हे मोठं मनही तिच्याच वाट्याला जावं, याचाही त्याला हेवा वाटला. चिडून त्यानं ग्रुपवर लिहिलं, 'फोटो आमच्या मंडळींचा आहे.' वीरेशचं उत्तर लगेच आलं, 'मग वहिनीलाच आणा. तुमी न्हाई आले तरी चालतंय.'

दोघंही गेले. घाटावर शिवकांतानं चपला काढल्या, पदर खोचला आणि खालच्या पायरीवर बसून म्हणाली, "बसा समदे हितं. आन् घाई करू नका." पंधरा फोटोग्राफर, कडक इस्त्रीच्या पँटी घालून आलेले, तिच्या दोन्ही बाजूंना ओल्या दगडावर मुकाट्यानं बसले. मृत्युंजय उभाच होता.

"अहो, बसा की," ती म्हणाली आणि सरकून तिनं शेजारी जागा केली.

तो बसला, पण तिच्या मागं, एक पायरी वर.

तासाभरानं म्हशीनं मान वळवली. सगळ्यांना फोटो मिळाला. मृत्युंजयच्या कॅमेऱ्यात शिंगं पाण्यातच राहिली.