पडलेल्या उमेदवाराची एसटी

संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावच्या माजी सरपंच जयमाला उमाळे जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि एकोणीस मतांनी पडल्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या आपल्या गावासह तीन गावांना एसटी आणून देईन, असा शब्द त्यांनी प्रचारात दिला होता. तिथल्या मुली दहावीनंतर शिक्षण सोडत, कारण बससाठी फाट्यापर्यंत सहा किलोमीटर चालावं लागे.

निकालाच्या तिसऱ्या दिवशी त्या अर्ज घेऊन आगारात गेल्या. तिथले ओळखीचे कारकून चकित झाले.

"ताई, तुम्ही तं पडल्या ना? आता काऊन आल्या?"

"मी पडली, पन पोरी अजून पायीच जाऊन राह्यल्या," जयमालाताई म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी रस्ता पाहिला. गावाजवळच्या वळणावर गाडी वळणार नाही, असं ते म्हणाले. ताईंनी वळणालगतचा आपल्या शेताचा कोपरा सोडला आणि गावकऱ्यांना घेऊन मुरूम टाकला. सात महिन्यांनी एसटी आली. पहिल्याच दिवशी चौदा मुली चढल्या.

पुढच्या निवडणुकीत ताई दीड हजार मतांनी निवडून आल्या. सभागृहात त्या पहिल्यांदा बोलायला उभ्या राहिल्या. एसटी न पोहोचलेल्या आणखी पाच गावांची नावं त्यांनी ठासून सांगितली.