बंदिवासाच्या आधीच सुटका

काय झालं ते सांगते, पण हसायचं नाही हं. आधीच माझं डोकं तापलेलं आहे!

आमच्या शेजारची रूथ इब्री धर्मशास्त्र शिकते, म्हणजे यहुदी लोकांचे जुने ग्रंथ आणि त्यांचा काळ. रविवारी चर्चच्या हॉलमध्ये ती पहिल्यांदाच वर्ग घेणार होती. भीतीने पोरीला घास उतरत नव्हता. म्हणाली, "काकू, सावेडीला जाताय तर तिथल्या दुकानातून माझा फ्लेक्स आणाल का?"

गुंडाळी घ्यायची आणि घरी यायचं, एवढंच काम. पण मला बघितल्याशिवाय राहवतंय होय?

दुकानातच उलगडला. वर शब्द आणि अर्थ: तोरा म्हणजे नियमशास्त्र, नबी म्हणजे संदेष्टा. इथवर झकास. खाली सनावळी. यरुशलेमचं मंदिर पाडून लोकांना बाबेलला बंदिवासात नेलं, ५८६. लोक परतले, ५३८. दुसरं मंदिर बांधून झालं, ५१६.

माझं टाळकंच सरकलं! बंदिवासात जायच्या आधीच सुटले? पहिलं मंदिर पडायच्या आधी दुसरं बांधलं?

"अहो, छापताना शुद्धीवर होतात का?"

"काकू, ताईनं पाठवलं तसंच छापलंय."

"सगळे सन उलटे! पोरीची अब्रू घालवता काय?"

"मग ताईला एक फोन लावा की. लई गर्दी हाय आज."

"तिला कशाला? मी उभी आहे ना! बदलून दिल्याशिवाय हलायची नाही इथून."

गिऱ्हाइकं बघायला लागली. शेवटी फ्लेक्सवाल्याने हात जोडले, खालचा सन वर, वरचा खाली केला आणि नवा फ्लेक्स काढून दिला. रूथला मी अवाक्षर बोलले नाही. कशाला पोरीला टेन्शन?

रविवारी हॉल भरला. फ्लेक्स भिंतीवर चढला. रूथने वळून वाचलं आणि पांढरीफटक पडली. "हे कुणी केलं?"

मी पहिल्या रांगेतून ताडकन उठले. "फ्लेक्सवाल्याने घोळ घातला होता! मी भांडून दुरुस्त करून आणलं!"

"काकू!" रूथ कडाडली. "कोपऱ्यात 'इसवी सनापूर्वी' लिहिलंय, ते वाचलं नाहीत? ख्रिस्ताच्या आधीची वर्षं उतरत येतात! खाली बसा!"

भरल्या हॉलमध्ये! मला! जिच्यासाठी मी दुकान डोक्यावर घेतलं, तिने!

सगळे पोट धरून हसले. रूथलाही हसू फुटलं, आणि त्यात तिची भीती जी पळाली, पोरगी तासभर काय बोलली म्हणता!

आता दर वर्गाला ती मुद्दाम तोच फ्लेक्स लावते. म्हणे, 'यातली चूक शोधा.' असा संताप येतो! तरी मी जाऊन बसतेच. नाही गेले, तर चूक कुणी केली ते माझ्या माघारी सांगेल ना ती!