टेपात न बसणारी लेन्स

माझा मामा शिंपी. कुठलीही नवी वस्तू समोर आली की त्याचा हात आधी गळ्यातल्या टेपाकडे जातो. त्यामुळे कॅमेऱ्याच्या दुकानात खोक्यावर ‘७०-३०० एमएम’ वाचून त्याने लेन्सला टेप लावला, तेव्हा मला नवल वाटलं नाही. नवल दुकानदाराला वाटलं.

“चौदा सेंटीमीटर,” मामाने जाहीर केलं. “म्हणजे एकशे चाळीस. तीनशे कुठंय हो?”

“ती लांबी नाही, मामा. फोकल लेंग्थ आहे.”

“लेंग्थ म्हणजे लांबीच ना रे?” मामाने मला विचारलं. मी शिकलेला म्हणून बरोबर आणलेला. मी मान डोलावली. माझं इंग्रजी जेमतेम तिथवरच पोचत होतं.

हा सगळा खटाटोप माझ्या मामेबहिणीच्या एका फोटोसाठी होता. ती फुटबॉलमध्ये गोलकीपर. मागे एकदा मामा गोलच्या जाळीमागे उभा राहून ओरडला होता, “छकुले, बाही सावर!” तेव्हापासून समोरच्या संघातल्या मुलीही तिला छकुली म्हणतात. तिने मामाला हद्दपार केलं ते थेट पलीकडच्या पायऱ्यांवर. तिथून जुन्या कॅमेऱ्यात ती मुंगीएवढी येते. घरी आलेल्यांना मामा फोटोवर बोट ठेवून सांगतो, “ही आमची.” एकदा ते बोट पंचावर होतं.

येत्या रविवारी तिचा इथला शेवटचा सामना. मग ती शिकायला बाहेरगावी जाणार. भिंतीवर मामाला तिचा चेहरा हवा होता, ठिपका नको होता.

“ही दुसरी बघा,” दुकानदार म्हणाले. “जड आहे, पण एफ दोन पॉइंट आठ. भोक मोठं, उजेड जास्त.”

“आणि ही आधीची, पाच पॉइंट सहावाली?”

“तिचं भोक लहान.”

“आकडा मोठा नि भोक लहान?” मामा खुर्चीत बसला. “अहो, मग बेचाळीसच्या कंबरेला मी लहान चड्डी शिवू का?”

मी समजावायला गेलो आणि वाक्याच्या मध्यावर मलाच काही समजेना. दुकानदारांनी शेवटी तीनशेवाली कॅमेऱ्याला लावली नि आम्हाला दारात उभं केलं. “बोलण्यापेक्षा बघा.”

रस्त्यापलीकडे मामाचंच दुकान. मामाने डोळा लावला, रिंग फिरवली. आधी विजेचा खांब दिसला, मग कुणाचं तरी टक्कल. मग एकदम ओरडला, “अरे, ही बघ! आमची! नाकावरचा तीळसुद्धा दिसतोय!”

“मग ठरलं?” दुकानदार खुलले.

“थांबा हो. जर्सीवर नंबर शिवतेय. धावदोऱ्याने! पहिल्या झेपेलाच निघेल तो!”

कॅमेरा माझ्या हातात कोंबून मामा रस्ता ओलांडून गेलासुद्धा. पुढचं मी लेन्समधून पाहिलं, आवाजाशिवाय. मामाने जर्सी हिसकावली. टाके उसवले. तोंडात टाचण्या धरून नंबर नीट लावू लागला. तिने काहीतरी विचारलं. त्याने मानेनेच माझ्या हातातल्या लेन्सकडे खूण केली. तिने वळून नेमकं माझ्याकडे पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखा मीच खाली बसलो.

मामा परत आला तो गोंधळलेला. “गोलमागे ये म्हणाली. पण एक शब्द बोलायचा नाही.” मग दुकानदाराला, “आता किती एमएमची लागेल?”

दुकानदारांनी उसासा सोडला. “आता तुमची आहे तीच पुरे.”

“मग मघापासून मी शिकलो ते काय?”

दुकानदारांनी माझ्या हातातून कॅमेरा काढून घेतला आणि लेन्स खोक्यात घातली.

रविवारी मामा जाळीमागे उभा राहिला तो ओठांत टाचण्या धरून. चुकून तोंड उघडायला नको म्हणून. शिट्टी व्हायच्या आधी छकुलीने खात्री करायला मागे वळून पाहिलं, आणि मामाने बटण दाबलं.

फोटो थोडा तिरका आलाय. पण चेहरा भिंतीवरून पार दारापर्यंत दिसतो. मैदानावर कधी न हसणारी मुलगी त्यात खो-खो हसतेय, आणि का, ते मामा अजून मला विचारतो.