पाचव्या मंगळवारचे आकडे

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तो एकोणीस वर्षं भिंगं घासत होता. दुकानात सगळे त्याला भिंगवालाच म्हणत. हात असा, की नंबर कधी चुकायचा नाही, काचेची कड कधी उडायची नाही. पण समोर गिऱ्हाईक उभं राहिलं की तोंडातून ब्र निघायचा नाही. भिडस्त आहे, लाजाळू आहे, असं म्हणत लोकांनी वेळ मारून नेली. पुढेपुढे तोही दमला आणि त्यालाच आपला स्वभाव म्हणू लागला.

मोठ्या बहिणीला, ताईला, मात्र ते पटेना. तिने त्याला जवळजवळ ओढतच समुपदेशन केंद्रात नेलं. दर मंगळवारी, असे बारा मंगळवार. तिथल्या मॅडम वयाने त्याच्याहून लहान, पण समजूतदार. आत गेलं की आधी एक कागद भरायचा: कशाची भीती किती वाटते, चोवीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार. चार म्हणजे जीव नकोसा. त्याची बेरीज अठ्ठ्याहत्तरच्या खाली यायलाच तयार नव्हती.

चौथ्या मंगळवारी मॅडम सहज म्हणाल्या, "काही जणांची भीती हळूहळू उतरत नाही. एका आठवड्यात बेरीज एकदम निम्म्यावर येते. कुणाचं तसं होईल हे आधी ओळखता येतं का, याचाच माझा अभ्यास चाललाय. तुमचं होईल असं वाटतंय मला."

झालं! बाई कौतुकाने बोलल्या आणि हा भलत्याच काळजीत पडला. नाही झालं तर त्यांना काय वाटेल? आठवडाभर हाच घोर. पाचव्या मंगळवारी गड्याने पेन घेतलं आणि शून्य, एक, एक, दोन असं ठोकून दिलं. बेरीज एकतीस. समोरचा नाराज होईल या भीतीपायीच त्याने भीती गेल्याचं लिहून दिलं. आता याला हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

मॅडम खूश झाल्या. पुढचे दोन मंगळवारही मग तसेच आकडे भरावे लागले. हे खोटं निभावताना तो दिवसभर भिंगं घासूनही दमला नसता इतका दमला. सातव्या भेटीत मॅडम म्हणाल्या, "आता बारापर्यंत थांबायची गरज नाही. पुढच्या वेळी शेवटचं भेटू. बाहेर बरेच जण ताटकळलेत." ताईने तर कहरच केला. दुकानाच्या मालकांना परस्पर कळवून टाकलं, की एक तारखेपासून भाऊ पुढे बसेल, गिऱ्हाईक बघेल.

शेवटच्या मंगळवारी तो कागद पुढ्यात घेऊन नुसता बसून राहिला.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"ते आकडे खोटे होते, मॅडम. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून लिहिले."

वाईट वाटलंच त्यांना. चेहरा पडला तो लपवता आला नाही. ज्याला तो जन्मभर भ्यायला, ते दोन हातांवर समोर होतं, आणि उठून पळायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. मॅडमनी नवा कागद पुढे केला. त्याने खरं लिहिलं. एक्क्याऐंशी.

"मी तुम्हाला माझा तो अंदाज सांगायलाच नको होता," मॅडम थकल्या आवाजात म्हणाल्या. "पुढच्या मंगळवारी या."

बाहेर ताई बाकावर वाट बघत होती. "संपलं ना एकदाचं?"

"नाही. मी खोटं लिहीत होतो, ताई. माझी भीती काही गेलेली नाहीये."

ताईही या धावपळीने मेटाकुटीला आली होती. "आता मालकांना मी कुठल्या तोंडाने सांगू?"

"तू नको. फोन लाव, मी सांगतो."

एकोणीस वर्षांत त्याने मालकांना एकदाही फोन केला नव्हता. फोन ताईनेच लावून त्याच्या कानाशी धरला. बाकावरची तिघं अनोळखी माणसं कान टवकारून बसली होती.

"हां, बोला," मालक म्हणाले.

आणि तो बोलला.